कुराणाला मुसलमानांचं बायबल म्हणता येईल का?

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमधल्या शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेत सर्वधर्म प्रार्थनेसाठी एका टेबलावर गीता, कुराण आणि बायबल ठेवतात. एकदा कुराण तळाशी आणि बाकीचे दोन ग्रंथ त्याच्यावर अशी चळत लागली. मुस्लिम सहकाऱ्यांनी ती लगेच काढली आणि कुराण वर ठेवलं. ख्रिस्ती सहकारी मात्र आपल्या बायबलात पेन्सिलीनं खुणा करतात, समासात लिहितात, त्यांना त्यात गैर काही वाटत नाही. मग नववीतल्या एका मुलानं विचारलं, "बाई, कुराण म्हणजे मुसलमानांचं बायबलच ना?" बाईंनी हो म्हटलं, पण समाधान झालं नाही. दोन्ही धर्म एकाच निर्मात्याला मानतात, अब्राहाम, मोशे आणि येशू यांची नावं दोघांकडे आहेत. मग ग्रंथाशी वागण्यात इतका फरक कुठून आला?

बाई, त्या मुलाला सांगा की उत्तर 'नाही' असं आहे. त्याचा प्रश्न मात्र फार मोलाचा आहे. बेळगावात कॉलेजात तौलनिक धर्म शिकवताना आणि नंतर मौलाना, फादर, पाळक यांच्यासोबत ग्रंथ वाचायला बसताना मला एकच गाठ पुन्हा पुन्हा दिसली. मुसलमान माणूस बायबलला कुराणाचे प्रश्न विचारतो आणि ख्रिस्ती माणूस कुराणाला बायबलचे. दोघांनाही चुकीची उत्तरं मिळतात आणि दोघांनाही वाटतं की समोरचा काहीतरी लपवतो आहे.

आधी कुराण घेऊ. मुस्लिम श्रद्धेनुसार ते अल्लाहचं प्रत्यक्ष बोलणं आहे. सन ६१० च्या सुमारास मक्केजवळच्या हिरा गुहेत जिब्रईल फरिश्त्यामार्फत ते उतरू लागलं आणि पैगंबरांच्या निधनापर्यंत, म्हणजे ६३२ पर्यंत, थोडं थोडं उतरत राहिलं. पैगंबर मुहंमद त्याचे लेखक नव्हेत, संपादकही नव्हेत, ते ऐकून पोचवणारे. म्हणून कुराणात 'सांग' हा हुकूम तीनशेहून अधिक वेळा येतो. बोलणारा अल्लाह, ऐकणारा पैगंबर, आणि मग पैगंबरांच्या तोंडून लोक. ऐंशीव्या सूरहची, म्हणजे अध्यायाची, सुरुवात मी वर्गात नेहमी वाचून दाखवत असे. मक्केच्या बड्या लोकांशी बोलत असताना एक अंध माणूस मध्येच आला, पैगंबरांच्या कपाळावर आठी पडली आणि त्यांनी तोंड फिरवलं, म्हणून त्या आयतींत, म्हणजे ओळींत, त्यांनाच समज दिली आहे. ज्यांच्या मुखातून ग्रंथ आला त्यांनाच ग्रंथ टोकतो, याचा मुस्लिम भाष्यकारांना मोठा आधार वाटतो.

मराठी वाचकाला हे समजायला वेदांची वाट जवळची आहे. वेद अपौरुषेय, त्यांचा शब्द आणि उच्चार बदलायचा नाही, पोथीपेक्षा कंठातला पाठ प्रमाण, हे आपल्याकडे शेकडो वर्षं मानलं गेलं. कुराणाचंही मूळ रूप म्हटलं जाण्याचंच. बेळगावच्या कुठल्याही मशिदीत रमजानच्या तरावीहला, म्हणजे रात्रीच्या खास नमाजाला, जाऊन बघा, हाफिज, म्हणजे सगळं कुराण पाठ असलेला माणूस, पुस्तक न उघडता महिनाभरात कुराणाचे तीसही पारे (भाग) म्हणून पुरे करतो, आणि मागे उभा असलेला दुसरा हाफिज एक स्वर चुकला तरी सावरून घेतो. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की पूर्वमीमांसा या दर्शनाच्या मते वेदांना कर्ताच नाही, ईश्वरसुद्धा नाही. कुराणाला वक्ता आहे, आणि ते सगळं त्या वक्त्याचं आहे.

बायबलकडे वळलं की जमीनच बदलते. ते एक पुस्तक नव्हे, ग्रंथांचा संग्रह. प्रॉटेस्टंटांच्या बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिकांच्या ७३. जुना करार बहुतांश हिब्रूत, थोडा अरामी भाषेत, नवा करार ग्रीकमध्ये. लिहिणारे अनेक, काळ कित्येक शतकांचा. त्यात कायदे आहेत, वंशावळी आहेत, प्रेमगीतं आहेत, राजांचा इतिहास आहे, खाजगी पत्रं आहेत. स्तोत्रसंहितेतलं १३७ वं स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी रडत बसलेल्या कैद्यांचं आहे आणि शेवटी तर ते शत्रूच्या लेकरांबद्दल भयंकर सूडाची इच्छा बोलून दाखवतं. तिथे माणूस देवाशी बोलतो आहे, आपला सगळा संताप त्याच्यापुढे ओततो आहे. कुराणातही प्रार्थना आहेत, रोजच्या नमाजातली फातिहा, म्हणजे पहिली सूरह, तर प्रार्थनाच आहे, पण ती अल्लाहनंच शिकवलेल्या शब्दांत आहे.

प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र काढा. पहिल्याच अध्यायात तो म्हणतो की मी अमक्या तमक्याचा बाप्तिस्मा केला, आणखी कोणाचा केला असेल तर मला आठवत नाही. सातव्या अध्यायात एक सल्ला देताना तो स्पष्ट करतो की हे मी सांगतो आहे, प्रभू नव्हे. आमच्या एका बैठकीत हे वाचलं तेव्हा एक मौलाना मनापासून चकित झाले. देवाच्या ग्रंथात 'मला आठवत नाही' हे वाक्य कसं असेल, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या जागी तो प्रश्न अगदी रास्त होता. ख्रिस्ती उत्तर असं की देवाच्या आत्म्यानं माणसाला प्रेरणा दिली, पण त्याचा स्वभाव, त्याची भाषा, त्याची विसरभोळी स्मृती पुसून टाकली नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं ईश्वरी प्रकटीकरणावर जो दस्तऐवज काढला, त्यात देवाला कर्ता म्हणतानाच लिहिणाऱ्या माणसांनाही खरे लेखक म्हटलं आहे. बायबलचा शब्द न् शब्द अचूक मानणारी मंडळी आपल्या भागातही आहेत, पण देवानं तोंडी सांगितलं आणि पौलानं फक्त उतरवून घेतलं असं त्यांच्यातलेही बहुतेक जण म्हणत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ख्रिस्ती धर्मात देवानं स्वतःला प्रकट केलं ते ग्रंथात नव्हे, एका माणसात. योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय सांगतो की शब्द देव होता, आणि तो शब्द देही झाला. म्हणजे इस्लाममध्ये जे स्थान कुराणाचं, ते ख्रिस्ती धर्मात बायबलचं नसून येशूचं आहे. बायबल हे त्या माणसाबद्दलची साक्ष.

ही माझी कल्पना नव्हे, इतिहासातच ती दिसते. ख्रिस्ती जगात सर्वांत मोठा वाद पेटला तो ग्रंथावरून नव्हे. येशू निर्माण केलेला की अनादि, यावरून. ३२५ साली निकियाच्या परिषदेनं ठरवलं की पुत्र निर्मिलेला नाही. मुस्लिम जगात हाच प्रश्न कुराणाबद्दल उभा राहिला. मुअतजिला या पंथाचे विद्वान म्हणत की कुराण निर्मित आहे, कारण अल्लाहसोबत दुसरं काही अनादि मानलं तर एकत्वालाच धक्का बसेल. ८३३ साली खलिफा मामूननं हेच मत काझी आणि विद्वानांवर सक्तीनं लादायला सुरुवात केली. इमाम अहमद बिन हंबल यांनी ते नाकारलं, तुरुंग आणि फटके सोसले. पुढे सुन्नी जगात कुराण अनिर्मित हीच भूमिका कायम झाली. दोन धर्म, दोन शतकं, आणि प्रश्न एकच, ईश्वराचा शब्द निर्मित की अनादि. फक्त एकीकडे तो एका व्यक्तीबद्दल विचारला गेला आणि दुसरीकडे एका ग्रंथाबद्दल.

हे एकदा ध्यानात आलं की पुढच्या बऱ्याच गाठी आपोआप सुटतात. कॅथलिक माणूस मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कम्युनियनची पवित्र भाकर घेतो, तेव्हा त्याच्या श्रद्धेनुसार तो ख्रिस्ताला आपल्या आत घेतो. मुस्लिम मूल कुराण पाठ करतं, तेव्हा तेही ईश्वराच्या शब्दाला आपल्या आत वसवतं. चर्चमध्ये सगळं बायबल पाठ असलेला माणूस क्वचितच भेटेल आणि कोणी त्याची अपेक्षाही करत नाही. मदरशात मात्र बारा-तेरा वर्षांची मुलं हाफिज होतात आणि सगळं घर त्याचा मान समजतं.

मग शुभवर्तमानांना इस्लाममध्ये जोड कशाची? माझ्या मते हदीसची. पैगंबर काय बोलले, कसे वागले, हे ऐकणाऱ्यांनी सांगितलं, पुढच्यांनी जपलं, आणि इमाम बुखारी (मृत्यू ८७०) व इमाम मुस्लिम (मृत्यू ८७५) यांच्यासारख्यांनी सांगणाऱ्यांची साखळी एकेक दुवा तपासून संग्रह केले. मत्तय, मार्क, लूक, योहान हेही येशू काय बोलला, कसा वागला हेच सांगतात. जोड तंतोतंत नाही, कारण ख्रिस्ती लोक शुभवर्तमानांना शास्त्र मानतात आणि मुसलमान हदीसला कुराणाच्या खालचं स्थान देतात. पण वाचायची रीत जवळची आहे. हदीसमध्ये एक खास प्रकार आहे, हदीस कुद्सी. त्यात आशय अल्लाहचा, शब्द पैगंबरांचे, अशी समजूत मोठ्या प्रमाणात आहे. बायबलची 'प्रेरणा' मुस्लिम मित्राला समजावून सांगायची असेल तर मी हाच धागा धरतो, आणि मौलाना लोकांना तो पटकन पकडता येतो.

भाषेचं घ्या. कुराणाचं भाषांतर झालं की मुसलमानाच्या लेखी तो अर्थ झाला, कुराण नव्हे. म्हणून उर्दूत उत्तम तर्जुमे अठराव्या शतकापासून असूनही नमाज अरबीतच. ख्रिस्ती धर्मात उलट. येशू लोकांशी अरामी बोलत असे आणि शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये, म्हणजे पहिल्याच पिढीत त्याचे शब्द भाषांतरित झाले. त्यामुळे मराठी बायबल हेही बायबलच. चर्चमध्ये ते वाचून झाल्यावर त्याला देवाचं वचन म्हणतात, 'वचनाचा मराठी अर्थ' म्हणत नाहीत.

हे आपल्या मातीतही दिसतं. विजापूरच्या आदिलशाहीत, जिच्या ताब्यात तेव्हा बेळगावही होतं, सूफी परंपरेत दखनीत, म्हणजे दख्खनच्या उर्दूत, चक्कीनामे रचले गेले. बाया दळताना ते म्हणत, त्यात अल्लाहचं नाव, पीराचा उपदेश. गाणं दखनीत चाललं, पण कुराणाचा पाठ कोणी दखनीत केला नाही. खाली गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं १६१६ साली राशोल इथे ख्रिस्तपुराण छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठीत. आदमापासून ख्रिस्तापर्यंतची सगळी कथा ओवीत आली आणि ती चर्चमध्ये वाचली जात असे. ते बायबलचं भाषांतर नव्हतं हे खरं. आणि 'ख्रिस्ती धर्मानं नेहमीच लोकभाषा वापरली' असं मुलांना सांगू नका, कारण बहुतेक कॅथलिकांची मिस्सा १९६० च्या दशकापर्यंत लॅटिनमध्येच होत असे. आपल्या भागातल्या वयस्क कोंकणी ख्रिस्ती माणसांना विचारा, त्यातले काही शब्द त्यांना आजही येतील. तरी लॅटिन हीही भाषांतराचीच भाषा होती. मराठी नवा करार १८११ मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरहून विल्यम कॅरीनं काढला. बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेले बाबा पदमनजी मिशनच्या शाळेत शिकले, १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि आयुष्यभर मराठीत धर्मग्रंथांवर लिहीत राहिले. त्यांच्या श्रद्धेला ग्रीकची अट कोणी घातली नाही.

त्याच १८५४ साली आग्र्यात एक मोठा वाद झाला. एका बाजूला जर्मन मिशनरी फांडर, दुसऱ्या बाजूला मौलाना रहमतुल्ला कैरानवी. मौलानांनी युरोपीय संशोधकांचीच पुस्तकं पुढे ठेवली आणि विचारलं की तुमच्याच विद्वानांना हस्तलिखितांत फरक सापडतात, मग हा ग्रंथ शाबूत कसा? फांडरनी काही पाठभेद मान्य केले, आणि मौलानांच्या बाजूनं विजय जाहीर झाला. फांडर यांच्या मते अशा पाठभेदांनी मूळ शिकवण बदलत नव्हती. आजही कुठे वाद पेटला की तो याच वळणावर अडतो.

पाठभेदांची गोष्ट म्हणून मुलांना नीट सांगायला हवी. मार्काच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या बारा ओळी चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. अनेक आधुनिक आवृत्त्यांत तिथे कंस किंवा तळटीप असते. मुस्लिम वाचकाला ती तळटीप म्हणजे कबुलीजबाब वाटतो. ख्रिस्ती अभ्यासकाला ती निष्ठा वाटते, कारण साक्ष तपासून घेणं हे त्याचं कर्तव्यच आहे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत केली. त्यामुळे ज्ञानेश्वरी कोणाला कमी पवित्र वाटली नाही. बायबलच्या संशोधनाकडे मराठी माणसानं याच नजरेनं पाहावं असं मला मनापासून वाटतं.

कुराणाच्या जतनाचा इतिहास वेगळा. यमामाच्या लढाईत अनेक कुराणपाठी मारले गेले, तेव्हा खलिफा अबू बक्र यांनी जैद बिन साबित यांच्याकडून लिखित संग्रह करवला. पुढे खलिफा उस्मान यांच्या काळात, ६५० च्या सुमारास, एक प्रमाण प्रत ठरली, तिच्या नकला मोठ्या शहरांना गेल्या आणि बाकीच्या प्रती जाळल्या गेल्या. हे मुस्लिम परंपराच सांगते, ते काही कोणी उघडकीला आणलेलं गुपित नव्हे. वाचनाच्या मान्य पद्धती, किराअत, एकाहून अधिक आहेत. आपल्याकडे आसिम यांच्याकडून हफ्स यांनी घेतलेली पद्धत चालते, मोरोक्कोकडे वर्श यांची. काही ठिकाणी शब्दाचा उच्चार आणि अर्थाची छटा थोडी बदलते, पण मुस्लिम श्रद्धेत या सगळ्या पैगंबरांपर्यंत पोचणाऱ्या मान्य परंपरा आहेत, नकलाकारांच्या चुका नव्हेत. ख्रिस्ती मित्र उत्साहानं 'तुमच्यातही पाठभेद आहेतच' म्हणतात, तेव्हा हा फरक त्यांच्या नजरेतून निसटतो.

राहता राहिला इंजीलचा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक आहे. कुराणानुसार मूसांना (मोशे) तौरात, दाऊदना जबूर आणि ईसांना (येशू) इंजील हे ग्रंथ दिले गेले. म्हणून मुसलमान सरळपणे विचारतो, ईसांना मिळालेली ती मूळ इंजील कुठे आहे? ख्रिस्ती माणूस गोंधळतो, कारण येशूला एखादं पुस्तक मिळालं होतं असं त्याची परंपरा कधीच म्हणत नाही. त्याच्यासाठी शुभवर्तमान म्हणजे येशूबद्दलची वार्ता, येशूला मिळालेला ग्रंथ नव्हे. यावर मुस्लिम विद्वान तहरीफ म्हणतात, पूर्वीचे ग्रंथ बिघडवले गेले. पण बिघडवलं म्हणजे काय, यावर त्यांच्यातच दोन मतं आहेत. काहींच्या मते शब्द जागेवर राहिले आणि अर्थ वाकडा लावला गेला. स्पेनमधल्या इब्न हज्म (मृत्यू १०६४) यांनी मात्र मजकूरच बदलला गेला असं जोरदारपणे मांडलं, आणि आज सर्वसामान्य मुसलमान बहुधा हेच मानतो. वर्गात हा विषय निघाला तर कोण बरोबर हे ठरवू नका. ते शाळेचं काम नाही. दोघं 'इंजील' आणि 'शुभवर्तमान' ही नावं घेताना वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत आहेत, एवढं मुलांना कळलं की पुरे.

आता तुमचं टेबल. कुराण वेगळ्या रेहलवर, म्हणजे ग्रंथ ठेवायच्या घडवंचीवर, ठेवा, चळतीत नको. अरबी मूळ असलेल्या प्रतीला हात लावताना वजू, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन शुद्ध होणं, हवं असं चारही सुन्नी मजहब (धर्मशास्त्राच्या परंपरा) मानतात, म्हणून ती आणणं, उघडणं, परत जुजदानात (कापडी वेष्टनात) ठेवणं हे मुस्लिम सहकाऱ्यांकडेच द्या. मुलांच्या हाती द्यायला केवळ मराठी अर्थाची प्रत असेल तर तेवढी अडचण येत नाही, तरी ती जमिनीवर ठेवू नये, पायाशी येऊ देऊ नये. बायबलच्या बाबतीत हाताळण्याचे असे नियम नाहीत. म्हणून ख्रिस्ती लोक ग्रंथाला मान देत नाहीत असं समजू नका. मिस्सात शुभवर्तमान वाचताना सगळी मंडळी उठून उभी राहते आणि वाचून झाल्यावर धर्मगुरू त्या पानाचं चुंबन घेतात. तुमच्या सहकाऱ्यांच्या पेन्सिलीच्या खुणाही आदरातूनच आल्या आहेत. ज्या वचनानं आधार दिला त्याखाली रेघ, आजारपणात वाचलं त्याच्याशेजारी तारीख. अशी घरातली जुनी बायबलं मी पाहिली आहेत, समास भरून गेलेली, आणि ती पाहताना माझे हात आपोआप जोडले गेले.

नववीच्या मुलांसाठी एक धडा सुचवतो. लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आणि कुराणातली एकोणिसावी सूरह, मरयम, दोन्ही मराठीतून शेजारी ठेवा. दोन्हींत कुमारी मरियेला देवदूत पुत्राची वार्ता देतो, दोन्हींत ती विचारते की मला पुरुषाचा स्पर्श नसताना हे कसं होईल. मुलांना कथेतलं साम्य चटकन दिसेल. मग त्यांना विचारा, ही कथा सांगतो आहे कोण, आणि कोणाला? लूक पहिल्याच ओळींत थियफिल नावाच्या माणसाला म्हणतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी जे सांगितलं त्याचा मुळापासून शोध करून मी हे तुमच्यासाठी क्रमानं लिहितो आहे. सूरह मरयममध्ये सोळाव्या आयतीत पैगंबरांना आज्ञा येते की या ग्रंथात मरयमचा उल्लेख कर. ज्या मुलानं तो प्रश्न विचारला, त्यालाच या दोन ओळी मोठ्यानं वाचायला लावा. आधी त्याच्या मुस्लिम आणि ख्रिस्ती वर्गमित्रांच्या घरी मात्र विचारून घ्या. अशा वाचनाला पालकांची संमती घेऊन जाणं आपल्या भागात नेहमी बरं पडतं, आणि विचारलं की बहुतेक घरांतून कोणी ना कोणी स्वतःच वर्गात येऊन बसायला तयार होतं.